१६ एप्रिलचे ७.७ कोटी

३० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, दूरदर्शनने ट्विटरवर एक छोटा मजकूर टाकला. 'रामायण'च्या पुनःप्रक्षेपणाने जगभरचे विक्रम मोडले असून १६ एप्रिल रोजी ही मालिका ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिली, असा त्याचा आशय होता. जगात सर्वाधिक पाहिला गेलेला मनोरंजनाचा कार्यक्रम हाच, असा दावाही सोबत होता. रामायणाच्या अखेरच्या युद्धाला टाळेबंदीतल्या प्रेक्षकांनी कसा प्रतिसाद दिला, हे सांगताना आजही पुन्हापुन्हा पुढे केला जातो तो हाच कागद. कागद म्हणायचा खरा, पण मजकूर जेमतेम एकदोन वाक्यांचा.

हा आकडा कितपत भार पेलू शकतो, ते तपासू. तपासताना एक गाव समोर ठेवू: राजेश्वर. बीदर जिल्हा, बसवकल्याण तालुका. सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की महामार्गावर हुमनाबादच्या आधी लागते. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दख्खनी असा इथला भाषाव्यवहार. इथल्या एखाद्या मराठी घराने १६ एप्रिलच्या रात्री मालिकेतले मेघनादाचे युद्ध पाहिले असेल, तर ते ७.७ कोटींत कुठे बसते? राष्ट्रीय आकडा असा एका उंबरठ्याशी आणून उभा केला की त्याचे सांधे दिसू लागतात.

आधी तारीख. १६ एप्रिल २०२० हा गुरुवार. मालिका २८ मार्चपासून डीडी नॅशनलवर सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी दोनदा दाखवली जात होती. मुख्य मालिकेची सांगता १८ एप्रिलला झाली आणि १९ पासून 'उत्तर रामायण' सुरू झाले. यात शंका नाही. १६ च्या रात्री लक्ष्मण आणि मेघनाद यांचे युद्ध होते, असे तेव्हाच्या बातम्या सांगतात. सांगतेला दोन दिवस उरले होते आणि मेघनाद रावणाच्या आधी पडतो, तेव्हा कथेचा क्रमही या बातम्यांशी जुळतो. म्हणजे विक्रम नोंदवला गेला तो रावणवधाच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधी. सगळी मालिका ज्या क्षणाकडे सरकत होती, त्या क्षणाला गर्दी जास्त व्हायला हवी होती. ती तशी का दिसत नाही?

सरळ उत्तर असे असू शकते की दूरदर्शनपाशी पुढचे आकडे अजून आलेच नव्हते. ते पडताळता येते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपे आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी बाहेर पडत. १६ एप्रिल ज्या आठवड्यात येतो तो ११ ते १७ चा. नेहमीच्या वेळापत्रकाने त्याचे आकडे २३ एप्रिलला हाती यायला हवेत. १८ एप्रिलचा शनिवार पुढच्या आठवड्यातला. त्याचे आकडे यायचा दिवस ३० एप्रिल. आणि ट्विट ३० एप्रिलचेच! तेव्हा दोन शक्यता उरतात. सांगतेचे आकडे त्याच दिवशी समोर होते आणि ते १६ पेक्षा कमी भरले; किंवा ट्विट लिहिणाऱ्याने आठवडाभर जुना आकडा तसाच उचलला. मला दुसरी शक्यता जास्त संभवनीय वाटते, कारण सरकारी प्रसिद्धीची गती ज्याला ठाऊक आहे त्याला आठवड्याचा उशीर नवा नाही. पण हे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

आता खुद्द आकडा. तो एका खेळाचा की दिवसातल्या दोन्ही खेळांचा मिळून, हे ट्विट सांगत नाही. इथे आधीचा एक दाखला उपयोगी पडतो. पहिल्या शनिवार-रविवारच्या चार खेळांना मिळून १७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे एप्रिलच्या सुरुवातीलाच जाहीर झाले होते. त्याची फोड अशी छापून आली: शनिवारी सकाळी ३.४ कोटी, रात्री ४.५, रविवारी सकाळी ४, रात्री ५.१. बेरीज बरोबर १७ भरते. पण ही बेरीज खेळांची आहे, माणसांची नाही. चारही वेळा टीव्हीसमोर बसलेली आजी इथे चार जणी होऊन येते. आता २९ मार्चच्या रविवारचे दोन्ही खेळ मिळवा: ९.१ कोटी. १६ एप्रिलचे ७.७ कोटी जर दोन खेळांच्या बेरजेने आले असते, तर ते पहिल्याच रविवारच्या मागे पडले असते आणि विक्रमाची भाषा निघालीच नसती. तेव्हा ७.७ हा एकाच खेळाचा, बहुधा रात्री नऊचा, आकडा असावा. नाहीतर एक माणूस एकदाच धरून काढलेला दिवसाचा आकडा. ट्विटमधून इतके तरी पिळून काढता येते.

ही संख्या मुळात येते कुठून? बार्कने तेव्हा देशभरात सुमारे ४४,००० घरे नमुना म्हणून निवडली होती. टीव्ही असलेली घरे होती १९.७ कोटी आणि त्यांत राहणारी माणसे सुमारे ८३.६ कोटी, हा बार्कच्याच २०१८ च्या पाहणीचा अंदाज. भागाकार केला तर नमुन्यातले एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने बोलते. त्या घरात टीव्हीला एक यंत्र जोडलेले असते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. ती ऐकून यंत्र वाहिनी ओळखते. समोर कोण बसले आहे हे मात्र यंत्राला कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापले बटण असते. बसताना दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. पाहुण्यांचीही सोय असते. लक्ष्मणावर शक्ती सुटत असताना स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आलेल्या बाईने आपले बटण दाबले असेल का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती ते विसरली, तर साडेचार हजार घरांतल्या तिच्यासारख्या बायका कमी झाल्या.

जागतिक विक्रमाचे काय झाले, ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. वर्तमानपत्रांनी लगेच दाखवून दिले की 'मॅश' या अमेरिकी मालिकेचा २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला होता. दूरदर्शनच्या समर्थकांना तुलनेसाठी सोयीची होती ती 'गेम ऑफ थ्रोन्स': मे २०१९ मधला तिचा अखेरचा भाग पहिल्या रात्री अमेरिकेत १.९३ कोटींनी पाहिला. तिची मोठी लढाई, 'द लाँग नाइट', २८ एप्रिल २०१९ ची, तिला १.७८ कोटी. तिथे गर्दीचा कळस लढाईला नव्हे, अखेरच्या भागाला झाला. पण तिन्ही मालिकांचे आकडे एका मापाचे नाहीत. 'मॅश'चे १०.६ कोटी म्हणजे दर मिनिटाची सरासरी. तो भाग थोडा तरी पाहिलेल्यांची गणती १२ कोटींवर जाते. 'थ्रोन्स'च्या आकड्यात त्याच रात्रीचे पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेटवरचे पाहणेही धरले आहे. आपले ७.७ सरासरीचे की एक मिनिट डोकावलेल्यांचे, हे ट्विटमध्ये नाही. तेव्हा या तिघांना एका ओळीत उभे करून पहिला नंबर काढणे व्यर्थ. ८३.६ कोटींतले ७.७ कोटी म्हणजे टीव्ही असलेल्या घरांतला साधारण दर अकरावा माणूस, इतके म्हणता येते. आणि तेही कमी नाही.

आता राजेश्वर. बार्क देशाचे बाजार पाडते तेव्हा महाराष्ट्र-गोवा हा एक बाजार असतो, कर्नाटक दुसरा. हिंदी वाहिन्यांचे यशापयश ज्यावर ठरते त्या 'हिंदीभाषी बाजारा'त महाराष्ट्र येतो. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ आणि दोन्ही तेलुगू राज्ये त्यातून वगळलेली असतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या उमरग्याचे मराठी घर हिंदी 'रामायण' पाहते तेव्हा ते हिंदीभाषी बाजारात मोजले जाते आणि त्याच महामार्गावर सीमा ओलांडून पुढे असलेल्या राजेश्वरचे मराठी घर तेच चित्र त्याच मिनिटाला पाहते तेव्हा ते त्या बाजाराच्या बाहेर असते. ७.७ कोटी हे सगळ्या भारताचे असतील तर राजेश्वर त्यात आहे. फक्त हिंदीभाषी बाजाराचे असतील तर नाही. नमुन्यातली घरे गुप्त ठेवलेली असतात, त्यामुळे गावात एकतरी यंत्र होते का, हे विचारण्याचीही सोय नाही.

नोंदवहीतून असे निसटणे या टापूला नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचा जुना बीदर जिल्हा तीन तुकड्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, खुद्द बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. पुढे दूरचित्रवाणीच्या इतिहासातला पहिला मोठा ग्रामीण प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्ये, २४०० गावे, प्रत्येक गावात एक सार्वजनिक संच. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. कर्नाटकातून गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते, बीदर नव्हता. कार्यक्रमांच्या भाषा हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड, मराठी नव्हती. प्रेक्षकांचा प्रतिसाद नोंदवण्याच्या बाबतीत 'साइट'इतके कसून काम आपल्याकडे क्वचितच झाले. अभ्यासक महिनोनमहिने गावांत मुक्काम करून राहिले, गावांतून रोजच्या रोज माहिती गोळा होई. अशी साधने आज १६ एप्रिलसाठी असती तर! पण ती गुलबर्ग्यापर्यंत आली आणि बीदरच्या शिवेवर थांबली.

मग १९८७. मूळ प्रक्षेपण २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, रविवारी सकाळी. ५२ भागांची मंजुरी वाढत वाढत ७८ पर्यंत गेली. याचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले वर्णन फिलिप लुटगेनडॉर्फ या अभ्यासकाचे, १९९० साली छापलेले. संचाला हार घालणे, अंघोळ करून समोर बसणे, ओस पडलेले रस्ते, फलाटावरच्या टीव्हीवरचा भाग संपेपर्यंत अडून राहिलेल्या गाड्या हे त्यात आहे. मात्र त्याचा बराचसा आधार उत्तर भारतातला आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा, हे विसरून ते जसेच्या तसे सीमाभागावर चिकटवणे योग्य नाही. ऐन भरातला प्रेक्षकवर्ग तेव्हा आठ ते दहा कोटींचा धरला जाई. देशातले संच दोन कोटींच्या आत होते. म्हणजे एका संचासमोर किमान चार-पाच माणसे, आणि संच असलेले प्रत्येक घर काही पाहत नव्हते, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्त. शेजारी ओसरीवर येऊन बसल्याशिवाय हा हिशेब जमत नाही. २०२० मध्ये मात्र उलट: टाळेबंदीच्या हुकमाने शेजाऱ्याला घरातच बसवलेले, संच कितीतरी जास्त घरांत. आकडे जवळपास सारखे दिसतात. पाहण्याची रीत पार वेगळी.

त्या काळची एक प्रतिक्रिया निर्विवाद नोंदली गेली आहे, आणि ती युद्धाबद्दलची नाही. राज्याभिषेकावर मालिका थांबणार हे कळल्यावर १९८८ मध्ये जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना मानणाऱ्या त्या समाजाला उत्तरकांड हवे होते. संप इतर शहरांत पसरला आणि सरकारला पुढची मालिका करवून घ्यावी लागली. प्रेक्षकांच्या आग्रहाचा इतका ठोस, परिणाम घडवणारा पुरावा कोणत्याही यंत्राने दिलेला नाही.

१६ आणि १८ एप्रिलचे कोडे अजून उरतेच. दूरदर्शनचा आळस हे स्पष्टीकरण मी वर दिले. दुसरेही एक सुचते, आणि ते सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी गावांतून येते. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडात अपुरे राहिले. परंपरा सांगते की चव्वेचाळीस अध्यायांपुढचे गावबाने पुरे केले. मराठवाड्यातल्या गावांत या ग्रंथाची पोथी लावतात, आणि लक्ष्मणशक्तीच्या प्रसंगाला रात्र जागवतात. लक्ष्मण मूर्च्छित असताना पोथी बांधून घरी जायचे नाही, तो उठेपर्यंत बसायचे. रावणवधाला अशी जाग नसते; रावण मरणार हे सर्वांना ठाऊकच आहे. जिथे जीव टांगणीला लागतो तो प्रसंग भावाचा. या सवयीच्या प्रेक्षकाने मेघनादाच्या युद्धाला सर्वांत जास्त गर्दी केली, तर त्यात नवल नाही. पण एका टापूची रीत देशभरच्या आकड्याचे कारण ठरवायला पुरत नाही, आणि राजेश्वरपुरते बोलायचे तर यंत्राने मोजलेले त्यात काहीच नाही.

हे कोडे सुटू शकते. बार्कपाशी मिनिटामिनिटाच्या नोंदी असतात. १६ एप्रिलच्या रात्री नऊनंतरची आणि १८ च्या सांगतेची रेघ शेजारी ठेवली, कर्नाटक बाजाराचा ग्रामीण भाग वेगळा काढला, तर गर्दी मेघनादापाशी चढली की रावणापाशी, हे एका दुपारच्या कामात कळेल. त्या नोंदी वाहिन्यांना आणि जाहिरातदारांना पैसे मोजून मिळतात; इतिहास लिहिणाऱ्यासाठी त्यांचे दप्तर अजून उघडलेले नाही.