माडावरचा कर्णा

आमच्या नागावच्या वाडीत विहिरीशेजारी एक जुना माड आहे. खोडावर बराच वर, सहज हात पोचणार नाही अशा जागी, दोर घासून पडलेला एक वण दिसतो. सुट्टीला उतरलेले पाहुणे विचारतात, वीज पडली होती का? वीज नाही, तिथे माझ्या काकांचा कर्णा बांधलेला असायचा.

काकांचा धंदा स्पीकरचा. लग्न, सत्यनारायण, पालखी, गणपती, कुठलंही कार्य असो, निरोप यायचा. सामान म्हणजे एक रेकॉर्ड प्लेअर, एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, मोटारीची बॅटरी आणि तव्यांनी भरलेली पत्र्याची पेटी. ग्रामोफोनच्या तबकडीला आमच्याकडे तवाच म्हणत. पाडेली नारळ उतरवायला चढला की जाताना कर्णाही वर न्यायचा. माझ्याकडे सुयांची डबी. दर तव्याला नवी सुई घालायची असा नियम होता. काका एका सुईवर चार तवे काढत.

तवे यायचे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचं गाणं. ते लाखेचे, त्यामुळे हातातून सुटले की बांगडीसारखे फुटत. विलायतेत वाजणाऱ्या तव्यांनाही लाख बरीचशी आपल्याच देशातली लागे. खाऱ्या हवेत पावसाळाभर त्यांच्यावर बुरशी धरायची. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ऊन पडलं की काका पेटी उघडून एकेक तवा धोतराच्या मऊ फडक्यानं पुसत बसायचे.

गावात स्वतःचा प्लेअर असलेली घरं दोन-तीन. म्हणजे नागावानं काय ऐकायचं, हे त्या पेटीवर ठरायचं. पहाटे सनई, मग अभंग, दुपारी सिनेमा, हळदीच्या रात्री कोळीगीतं, आणि म्हातारी माणसं निजायला गेल्यावर लावणी. शांता शेळक्यांचं ‘मी डोलकर’ आलं, तेव्हा शेजारच्या आक्षीची कोळी मंडळी ते पुन्हा पुन्हा लावून घ्यायची. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गळे लताबाईंचा आणि हेमंतकुमारांचा. बंगाली माणसाच्या आवाजातला तो नाखवा त्यांना परका वाटला नाही.

कुणी येऊन विचारलं, ‘मघाशी काय वाजलं हो?’ तर काका नाव सांगत नसत. म्हणायचे, ‘आवडलं ना? मग परत लावतो.’ मला एकदा म्हणाले, नाव आधी सांगितलं की माणूस कानानं ऐकत नाही, नावानं ऐकतो. संगीत दुसऱ्याला कसं सुचवावं, याचं माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात झालं.

मांडवात आवाज मध्येच पडला की यजमानाचा चेहरा पडायचा. म्हणून काकांनी दुसरा प्लेअर घेतला. एकावर तवा संपत आला की दुसऱ्यावर सुई टेकलेली असे. त्याच सुमारास, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीला गाणी लावली. त्याच्याकडेही प्लेअर दोनच होते. पण नाचणारी मंडळी गाण्यातल्या नुसत्या ढोलाच्या तुकड्यावर पेटतात, हे त्यानं हेरलं होतं. एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो तोच तुकडा लांबवायचा. हिप हॉप जन्माला आलं ते तिथे, असं जग मानतं. काकांनीही दोन प्लेअर शेजारी ठेवले होते. आवाज पडू नये एवढ्याच काळजीपोटी. एकाच मांडणीतून एका गावात सोय झाली, दुसऱ्या गावात कला.

हर्कचे तुकडे बहुतेक फंकचे. फंक म्हणजे काय, हे मी घरच्या भजनी मंडळाला असं सांगतो: समेवर सगळा जीव. आपल्याकडे तबलजी समेवर येतो आणि श्रोत्यांची मान हलते, तसं जेम्स ब्राऊन प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर अख्खा वाद्यवृंद आणून आदळायचा. बाकीच्या मात्रांत ज्यानं त्यानं मोकळं खेळावं. त्याच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्डनं वाजवलेला तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांत कापून लावला गेला. त्या वापराचं मानधन मात्र त्याच्या पदरात पडलं नाही. आमच्याकडच्या ढोलकीवाल्यांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना यात नवीन काही वाटत नाही.

१९८१ साली मला फोर्टात कारकुनी लागली. आठवडाभर मुंबई, शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी. पिशवीत कॅसेटी. तेव्हा अलिबागच्या पोरांत एक समजूत होती: वेधशाळेवरून कॅसेट नेली की पुसली जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आली. ती पृथ्वीचं चुंबकत्व फक्त मोजते, कुणाची गाणी पुसत नाही. तरी मी दोन वर्षं रस्त्याची पलीकडची बाजू धरत होतो.

कॅसेटनं काकांचा धंदा आधी वाढवला आणि मग बसवला. तव्याच्या मानानं ती फुकटात पडायची, तिची नक्कल कुणीही करायचा. आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट हा’ गावात आला, तो कुठल्याही कर्ण्याची वाट न पाहता, घराघरातल्या टेपवरून. पेटीवाल्या माणसाची गरज उरली नाही.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तेव्हा आधी ऐकून मग घेता यायचं. मी जेवणाच्या सुट्टीत तिथे उभा असायचो, घ्यायचो कमी. आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक. १९८२ मध्ये याच मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या वादकानं ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग; हाताशी रोलंड कंपनीची तीन जपानी यंत्रं; आणि खाली न थांबणारा ठेका. मी ती पाहिलीदेखील नाही. ती खपली नाही, कुणी कुणाला लावून दाखवली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्यातल्याच एका यंत्रावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे गाणं निघालं आणि त्यातून नाचाच्या संगीताची एक अख्खी शाखा फुटली. आपली तबकडी तिच्याआधी पाच वर्षं निघाली होती. एका डच संग्राहकानं ती भारतातल्या एका दुकानात उचलली आणि २०१० मध्ये पुन्हा बाजारात आणली. तेव्हा मला ती कळली, पुतण्याच्या मोबाइलवरून. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. उतारवयात परदेशी तरुणांपुढे त्यांनी ते राग पुन्हा वाजवले, एवढंच समाधान.

आशा पुथलींचंही तसंच. जन्म मुंबईचा, १९४५ चा. शिकल्या शास्त्रीय, ओढ जाझची. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’वर त्या गायल्या. १९७६ च्या त्यांच्या ‘द डेव्हिल इज लूज’ या अल्बममधलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजत राहिलं आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात जाऊन बसलं. चोरबाजारच्या मटन स्ट्रीटवर मी कितीतरी वेळ घालवला. हे नाव माझ्यासमोर कुणी कधी काढलं नाही.

२००५ ची गोष्ट तर घरातलीच. ब्लॅक आइड पीज या अमेरिकी मंडळींच्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये आशा भोसल्यांची दोन जुनी गाणी मुरवलेली होती, एक ‘अपराध’मधलं, दुसरं ‘डॉन’मधलं, दोन्हींचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. त्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. काकांच्या पेटीत ‘अपराध’ची तबकडी होती. काका म्हणाले, ‘मी वाजवत होतो तेव्हा हे लोक कुठे होते?’ मी म्हटलं, ‘काका, ते ऐकत होते.’

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे संगीताची वाण नव्हती, ते लावून दाखवणाऱ्यांची होती. आपलंच सोनं परक्यांनी पारखून दिलं. पण याचा राग धरून बसण्यातही अर्थ नाही, कारण देवघेव दोन्हीकडून असते. आमच्या हळदीला जो बेंजो वाजतो तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. तो ‘ताइशोगोतो’ नावाच्या जपानी वाद्याचा अवतार. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ते बनवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. ते भारतात आलं, कुठे बुलबुलतरंग झालं, आमच्याकडे बेंजो. आज त्याच्याशिवाय किनाऱ्यावरची हळद सुनी वाटते आणि त्याला कुणी जपानी म्हणत नाही. उद्या रॅपचंही तेच होईल. खरं तर झालंच आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ मंडळींनी आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं दुखणं ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्यासोबत केलटीपाड्याचे प्रकाश भोईर गायले. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला सेजविक ॲव्हेन्यू आठवला नाही, शाहीर आठवले.

ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. काका त्याच्या बरेच आधी गेले. पेटी माझ्याकडे आहे, अजून दर श्रावणात पुसतो. वाडीत येणारी पोरं ‘काहीतरी वेगळं ऐकवा’ म्हणतात, तेव्हा माझा क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर चरणजित सिंगांचा यमन. जेवणं झाल्यावर ‘स्पेस टॉक’. मग ‘फंकी ड्रमर’ आणि त्याला जोडून एखादी बेंजोची हळद, म्हणजे समेचं नातं आपोआप कळतं. त्यानंतर ‘द वारली रिव्होल्ट’, आणि सगळ्यात शेवटी ‘मी डोलकर’. दहाच्या आत आवरतो. रात्री दहानंतर कर्ण्याला कायद्यानं बंदी आहे आणि शेजारच्या काकूंची त्याआधीपासूनच आहे.

तुमच्याकडेही अशी एखादी तबकडी, कॅसेट, निदान मोबाइलमधलं गाणं असेल. त्याची लिंक पाठवू नका. ज्याला ते आवडेल असं वाटतं त्याच्या घरी जा, शेजारी बसा आणि लावा. नाव त्यानं विचारल्यावर सांगा.