रोमची बासिलिका : सभागृहाचे प्रार्थनागृह

जुन्या गोव्यातील बॉम जेझूसच्या चर्चला ‘बासिलिका’ म्हणतात, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ती वास्तू १५९४ ते १६०५ या काळात उभी राहिली. ही पदवी मात्र तिला १९४६ साली मिळाली. पदवी मानाची आहे, आकाराची नव्हे. कारण ज्या वास्तुप्रकारावरून हा शब्द आला, त्यातील खांबांच्या ओळी व बाजूच्या पडव्या तिच्यात नाहीतच. मग बासिलिका म्हणजे मूळचे काय? या एका शब्दाचा माग घेतला असता, रोमने ख्रिस्ती जगाला काय दिले आणि ख्रिस्ती जगाने त्यातील काय नाकारले, हे दोन्ही उलगडते असे आम्हांस वाटते.

प्रथम जे नाकारले त्याचा विचार करू. रोमन देवळाची घडण मुख्यतः एत्रुस्कन लोकांकडून आली. त्यांचे देऊळ उंच जोत्यावर असे. पायऱ्या केवळ समोरून, पुढे खांबांचा खोल मुखमंडप, मागे एक किंवा तीन गाभारे. भिंती कच्च्या विटांच्या, वरचा सांगाडा लाकडाचा आणि छपरावर भाजलेल्या मातीची रंगीत शिल्पे. व्हेई येथील देवळाच्या आढ्यावर इ. स. पूर्वी ५१०च्या सुमारास बसविलेली अपोलोची मूर्ती १९१६ साली सापडली. पुरुषभर उंचीचा हा देव पाऊल पुढे टाकून निघाला आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर मंद स्मित आहे. खालून, अंगणातून पाहणाऱ्यांसाठी ती घडविलेली होती. रोममधील कॅपिटोल टेकडीवरचे जुपिटरचे देऊळ याच धाटणीचे; परंपरेनुसार त्याची प्रतिष्ठा इ. स. पूर्वी ५०९ मध्ये झाली. यज्ञाची वेदी देवळाबाहेर असे आणि लोकही बाहेरच जमत. आत राहणारा एकटा देव. देऊळ हे त्याचे घर होते, भक्तांचे नव्हे.

माणसांचे घर होते ते बासिलिका. इ. स. पूर्वी १८४ मध्ये थोरल्या केटोने रोमच्या चौकालगत अशी पहिली ज्ञात वास्तू बांधविली. लांबट सभागृह, खांबांच्या ओळींनी विभागलेले. मधले दालन उंच, बाजूच्या पडव्या ठेंगण्या, आणि उंचीतील फरकामुळे वरच्या खिडक्यांतून आत येणारा उजेड. येथे व्यापाऱ्यांचे सौदे होत, खटले चालत. न्यायाधीशाचे आसन बहुधा टोकाच्या अर्धवर्तुळाकार भागात असे. ट्रेजन बादशहाने इ. स. ११२ मध्ये लोकार्पण केलेली उल्पिया बासिलिका ही या परंपरेतील सर्वांत भव्य. तिचे मुख्य दरवाजे लांब बाजूस होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आरंभीचे ख्रिस्ती लोक घरांतच जमत. युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस गावात असे एक घर उत्खननात मिळाले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या खोल्या पाडून सभेसाठी जागा केली होती आणि बाप्तिस्म्याची खोली चित्रांनी सजविली होती. इ. स. ३१३ मध्ये धर्माला राजमान्यता मिळाली, तेव्हा हजारो लोकांना एकत्र बसवील अशी वास्तू हवी झाली. देऊळ उपयोगाचे नव्हते. त्यात जागा नव्हती, शिवाय त्याला यज्ञाच्या धुराची आठवण चिकटलेली होती. म्हणून कॉन्स्टन्टाइनच्या कारागिरांनी बासिलिका घेतली. परंतु तिचा रोख त्यांनी फिरविला. दरवाजा आखूड बाजूस आला, अर्धवर्तुळ त्याच्या थेट समोर गेले, आणि आत येणाऱ्याची दृष्टी व पावले खांबांच्या रांगांमधून वेदीकडे आपोआप वळू लागली. न्यायाधीशाच्या जागी बिशपचे आसन आले. लॅटरनचे चर्च व जुने सेंट पीटर्स हे याचे आरंभीचे मोठे नमुने. जुने सेंट पीटर्स सोळाव्या-सतराव्या शतकांत पाडले गेले. परंतु ४२२ ते ४३२ या काळातील सांता सबिना आजही उभे आहे. बाहेरून विटांची साधी भिंत. आत मात्र चोवीस पन्हळीदार कॉरिंथियन खांब आणि भरपूर उजेड. देवळाची शोभा बाहेर होती. येथे ती आत आली.

या काळाला कलेच्या ऱ्हासाचा काळ म्हणण्याचा प्रघात आहे. ३१५ सालच्या कॉन्स्टन्टाइनच्या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस यांच्या काळची शिल्पे काढून आणून बसविली आहेत. शेजारची नवी शिल्पे ठेंगणी व ठोकळेबाज दिसतात, हे नाकारता येत नाही. तरीही हा निवाडा आम्हांस अपुरा वाटतो. ३५९ साली वारलेला रोमचा नगराधिकारी जुनियस बॅसस याची संगमरवरी शवपेटिका पाहावी. तिच्यावर तरुण ख्रिस्त सिंहासनावर बसला आहे आणि त्याच्या पायांखाली जुना आकाशदेव आपले वस्त्र ताणून धरतो आहे. देव पदच्युत झाला, पण हद्दपार झाला नाही. नव्या श्रद्धेला आपले सांगणे मांडण्यासाठी जुनीच भाषा लागली. याची किंमतही मोठी पडली. शतकानुशतके जुन्या इमारतींचे खांब व संगमरवर उपसले गेले. हेड्रियनचे पँथिऑन टिकले, त्याचे एक मोठे कारण हेच की ६०९ साली त्याचे चर्च झाले.

आपल्याकडील कार्ल्याचे चैत्यगृह पाहून युरोपीय अभ्यासकांना बासिलिकेची आठवण झाली, ती अकारण नव्हे. सुमारे १२४ फूट लांबीचे मधले दालन, दोन्ही बाजूंस खांब व पडव्या, शेवटी अर्धवर्तुळ. ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले, म्हणजे ख्रिस्ती बासिलिकेहून जुने. पण एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे मानण्याचे कारण नाही. कार्ल्याला स्तूपामागून सात साधे खांब वळतात, कारण उपासकाला प्रदक्षिणा घालायची आहे. बासिलिकेचे टोक बंद आहे, कारण तेथे समोर थांबून ऐकायचे आहे. दोन्ही ठिकाणी गरज मात्र एकच होती: समुदायाला छपराखाली घेण्याची. रोमचा इतिहास शिकविताना बादशहांच्या नावांबरोबर ही एवढी गोष्ट विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर धर्म बदलला म्हणजे सारे बदलले, हा सोपा समज त्यांच्या मनात रुजणार नाही.