ट्रंकेतली शेरवानी

आमच्या मुखेडला फॅशन तेव्हा हैदराबादेहून येई. आजोबा कचेरीत शेरवानीत जात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. शेरवानी ट्रंकेत गेली, डोक्यावर गांधी टोपी आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तसा आमचा शिंपीही मुंबईकडे बघू लागला. मग १९७३ चा ‘बॉबी’! वडिलांनी बेलबॉटम शिवली. ती घालून निघाले की गल्ली आपोआप झाडली जाई. आजोबा म्हणाले, “एका पायात माझी अख्खी शेरवानी बसंल की रे!” शिलाई मात्र गुपचूप त्यांनीच दिली होती.

परवा चिरंजीव मावसभावाच्या लग्नासाठी शेरवानी भाड्यानं आणायला निघाले. मी कारकुनी हिशेब करून ट्रंक उघडली. खांद्यात अगदी बरोबर बसली.

“बाबा, कुठल्या दुकानातली हो?”