पिरिडीनची साक्ष

मागच्या व्याख्यानात आपण उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापर्यंत आलो होतो. आज त्या पृष्ठभागावरचं एक जुनं भांडण पाहू. खनिज तेलातले मोठे रेणू तोडून पेट्रोल करणारे सिलिका-ॲल्युमिना उत्प्रेरक दुसऱ्या महायुद्धापर्यंत कारखान्यांत रुळले होते. त्यांचं काम आम्लतेमुळे चालतं, एवढं मान्य होतं. पण आम्ल कुठलं? ब्रॉन्स्टेड म्हणतात ते, प्रोटॉन देणारं. की ल्युइस म्हणतात ते, इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारं? दोन्ही व्याख्या 1923 मधल्या. टायट्रेशन करून आम्ल किती ते सांगता येई. कुठलं, ते नाही.

1954 मध्ये मेप्स आणि आयशेन्स यांनी अशा उत्प्रेरकावर अमोनिया अधिशोषित करून त्याचा अवरक्त वर्णपट घेतला. प्रोटॉन मिळाला तर अमोनियाचा अमोनियम होतो. नाहीतर तो अमोनियाच राहून ॲल्युमिनियमला धरून बसतो. दोघांची कंपनं वेगळी, म्हणून पट्टेही वेगळे. सच्छिद्र काचेवर हा मार्ग लेनिनग्राडला तेरेनिन आणि यारोस्लाव्स्की यांनी आधीच धरला होता. त्यांना वगळून हा इतिहास सांगणं आम्हाला पटत नाही.

अमोनियाची एक अडचण होती. तो चांगलाच प्रबळ अल्क, त्यामुळे दुबळ्या आम्लालाही चिकटतो. शिवाय त्याचे काही पट्टे पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिलांच्या पट्ट्यांत मिसळतात. 1963 मध्ये पॅरी यांनी पिरिडीन हा सौम्य अल्क निवडला. आमच्या मते या कथेतला खरा शहाणपणा इथे आहे. सिलिका साधारण 1,300 तरंगांकाच्या खाली स्वतःच प्रकाश गिळते, तिथे काही दिसायचं नाही. पिरिडीनचे कामाचे पट्टे नेमके त्याच्या वर, 1,400 ते 1,700 मध्ये पडतात! ल्युइस आम्लाला जोडलेलं पिरिडीन 1,450 च्या आसपास बोलतं. प्रोटॉन घेतलेलं 1,540 ला.

पावडर दाबून पातळ चकती करायची, निर्वातात तापवून पाणी घालवायचं, मग पिरिडीनची वाफ सोडायची. नुसत्या ॲल्युमिनावर 1,540 चा पट्टा मिळाला नाही. सिलिका-ॲल्युमिनावर दोन्ही मिळाले. म्हणजे दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर. पण त्याच चकतीवर पाण्याची वाफ सोडली, की ल्युइसचा काही वाटा ब्रॉन्स्टेडकडे जातो. तेव्हा ‘कुठलं आम्ल’ विचारण्याआधी ‘किती कोरडं’ हे विचारावं लागतं. आणि चकती निर्वात नळीत असते, तर कारखान्यातला उत्प्रेरक पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास, तेलाच्या वाफेत. हे अंतर कापायचे प्रयत्न पुढच्या वेळी पाहू.