बंब : अंगणातल्या आगीचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी मला आधीच गाठून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला बंबाशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटाकडे देतो, कारण ते उत्तर मला स्वतःलाही उशिराच मिळालं.

आपलं कर्जत म्हणजे दुष्काळी मुलूख. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मधे कोरडवाहू माळ. रेहेकुरीला काळवीट राहतात ते याच माळावर. इथे घनदाट जंगल नव्हतंच. जळण म्हणजे तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं, गोवऱ्या आणि बाभूळ. पण थंडीत पहाटे माळावरचं वारं अंगाला असं झोंबतं, की गरम पाणी ही चैन राहत नाही. तेव्हा कमी जळणात जास्त पाणी कसं तापवायचं, हा इथल्या प्रत्येक घरासमोरचा प्रश्न होता.

जुनी सोय काय होती? चुलीच्या बाजूला वैल असायचा. चुलीतली उरलेली आच तिकडे जायची आणि त्यावरचं पाणी तापायचं. जास्त पाणी लागलं, लग्नकार्य निघालं, तर अंगणात तीन दगडांचं चुलाण मांडून त्यावर हंडा. त्यात खोट अशी, की उघड्यावर जाळ इकडेतिकडे पळतो. आता हिशेबच करू. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी साधारण अर्धा किलो सुक्या लाकडात असते. पण तीन दगडांच्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा भागच उष्णता भांड्याला मिळते. म्हणजे प्रत्यक्षात तीन ते साडेचार किलो लाकूड गेलं. बाकी सगळं वाऱ्यावर.

बंबानं काय केलं? आग भांड्याखाली ठेवायच्या ऐवजी भांड्याच्या पोटात नेली. मधोमध उभी नळी, नळीत खाली जाळी, जाळीवर जाळ, आणि नळीभोवती पाणी. धूर वर जाता जाता पाण्याला उष्णता देऊन जातो. खाली राख, बाजूला तोटी, वर सैल झाकण. बस्स, एवढंच. रशियातला सामोवार याच तत्त्वावर चालतो. तुला नावाच्या गावी १७७८ साली लिसित्सिन बंधूंचा सामोवारांचा कारखाना होता. इंग्लंडात ट्रेविथिकनं १८१२ च्या सुमारास जो कॉर्निश बॉयलर केला, त्यातही आग पाण्याच्या आतल्या नळीत होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी आगगाडी गेली, तिच्या इंजिनातही नळ्यांतून आग आणि भोवती पाणी. एकाच युक्तीची ही भावंडं.

'बंब' हा शब्दही प्रवासी आहे. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. तिथून तो आपल्याकडे आला असं मानतात. आगीचा बंब आग विझवतो आणि न्हाणीचा बंब आग पोटात बाळगतो, ही गंमत मात्र आपली स्वतःची.

बंब घडवणारे तांबट. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी प्रसिद्धच आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ती वस्ती. आता, तांबंच का? लोक म्हणतात, तांब्यातून उष्णता लवकर जाते. ते खरं आहे, पण अर्धवट. पत्रा पातळ असला की लोखंडातूनही ती पुरेशी लवकर जाते. खरी अडचण असते धुरातून पत्र्यात उष्णता उतरण्याची. तांब्याचा खरा गुण हा, की ते ठोकून हवं तसं वळतं, पाण्यानं गंजून चाळण होत नाही, आणि अडीअडचणीला मोडीत चांगले पैसे देतं. बंब ही घराची ठेव होती.

आमची ठेव १९७२ च्या दुष्काळात गेली. प्यायला पाणी नाही, तर तापवायचं काय? माणसं खडी फोडायला जात होती. आमचा आजोबांच्या वेळचा बंब मोडीत गेला आणि घरात धान्य आलं. त्याबद्दल कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

पुढे पाऊस झाला. १९७४ च्या दिवाळीत मी पुण्याहून सुट्टीला आलो, तर अण्णांनी गावातल्या लोहाराला हाताशी धरून घरीच बंब करायला घेतलेला. रॉकेलचा जुना पिंप, आणि मधे पाण्याच्या लोखंडी पाइपचा रुंद तुकडा. सांधे गळत होते, ते दोनदा करून घेतले. झाकण मुद्दाम सैल ठेवलं. हे फार महत्त्वाचं बरं का! वाफेला वाट नसेल तर बंबाचा बॉम्ब होतो. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, म्हणून दुसऱ्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. सगळ्या देशासाठीचा कायदा १९२३ साली आला. आपल्या बंबाला तो लागू नव्हता, कारण त्यात दाब साठतच नाही. आणि दुसरा नियम, आधी पाणी, मग काडी. कोरडा बंब पेटवला की सांधे गेलेच.

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवला. अंगण धुरानं भरलं, डोळ्यांना धारा लागल्या, आणि पाणी तासाभरानंही कोमटच. अण्णा लोहाराला बोल लावत होते. मी त्या वर्षी एम.ए.ला न्यायशास्त्र वाचत होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान घोकून पाठ. मी नुसता उभा.

आई आली. तिनं आतली दोन लाकडं ओढून काढली आणि म्हणाली, "अरे, बाभूळ ओली हाय. धूर जाळाचा नसतो, ओलाव्याचा असतो." मग पऱ्हाट्या घातल्या, आणि नळीच्या तोंडावर फुटक्या माठाचं खापर अर्धवट सरकवून ठेवलं. नळी जास्त रुंद होती ना, सगळी आच भसकन वर पळत होती. खापरानं ती थोपली. अर्ध्या तासात पाणी कढत.

मंडळी, न्यायशास्त्रात नेमकं हेच आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. नैयायिक याला उपाधी म्हणतात. मी ते परीक्षेत लिहून आलो होतो. आई शाळेत गेलेली नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं, कारण तो धूर रोज तिच्याच डोळ्यांत जात होता.

आजही अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात लोक घराबाहेर लाकडाचे बॉयलर बांधतात आणि त्यांचं गरम पाणी घरात फिरवून घर उबदार ठेवतात. तिथली तक्रारही धुराचीच. आगीभोवती पाणी असलं की आग थंडावते, त्यात लाकूड ओलं असलं की धूर ठरलेला. २०१५ साली अमेरिकन सरकारनं त्या धुरावर मर्यादा घातल्या.

आता शेवटचं. त्या सकाळी आधी अण्णांनी अंघोळ केली, मग आम्ही भावंडांनी. घंगाळात कढत पाणी, वरून विसण. सगळ्यांची झाली, आणि आई गेली तेव्हा जाळ विझला होता, तोटीतून कोमट पाणी येत होतं. मी ते पाहिलं. लाकूड कुठलं ओलं हे मला कळलं नव्हतं, पण हे तर कळत होतं, तरी दोन पऱ्हाट्या सारायला मी उठलो नाही. रोजचंच होतं, म्हणून दिसत असून दिसलं नाही.

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण ते कुणी केलं, कशाचं केलं, हे विचारतो. आग कोण सारायचं आणि शेवटची अंघोळ कुणाची, हे विचारत नाही. आता कित्येक घरांवर सोलर आहे, गीझर आहे. ढगाळ दिवशी सोलरचं पाणी कमी पडतं, तेव्हा आपल्या घरी शेवटी कोण जातं, एवढं आज पाहा. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं बंबाशी काम होतं, ते एवढंच.