कंधारच्या किल्ल्यातला वारस

वसमतहून नांदेड गाठून कंधारला जाणारे लोक राष्ट्रकूटकालीन किल्ला आणि त्याभोवतीचा पाण्याचा खंदक पाहून परततात. पहिल्या निजामाचा मुलगा नासिरजंग याच किल्ल्यात कैदेत होता, आणि त्याला डांबणारा खुद्द बापच होता.

१७३७ साली बादशहाच्या बोलावण्यावरून निजामुल्मुल्क दिल्लीला गेला. दख्खनचा कारभार त्यानं नासिरजंगावर सोपवला. वसमत-नांदेडचा मुलूखही त्यातच आला. नादिरशहाच्या स्वारीत बाप उत्तरेत अडकला. इकडे पोरानं बाजीरावाशी लढाई केली आणि १७४० साली मुंगी-पैठणला तह करून, खरगोण-हंडिया देऊन प्रकरण मिटवलं. एवढं सगळं निभावल्यावर म्हातारा परत येतो आणि म्हणतो, किल्ल्या आण! एकोणतिशीतल्या माणसानं करावं तरी काय?

त्यानं आधी खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात फकिरी पत्करली. ती फार टिकली नाही. पावसाळ्यामुळे बापाची फौज पांगलेली पाहून जुलै १७४१ मध्ये तो औरंगाबादेवर चालून आला. माहूत पडल्यावर स्वतःच हत्ती हाकत तो बापाच्या रोखानं घुसला. समोर सत्तरीचा निजाम. अखेर सय्यद लष्करखानानं नासिरजंगाला आपल्या हत्तीवर घेतलं आणि बंड तिथंच संपलं.

इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमचंही थोरल्या रॉबर्टशी असंच बिनसलं होतं. १०७९ मध्ये गर्बरॉयच्या लढाईत रॉबर्टनं बापालाच घोड्यावरून पाडलं. विल्यमनं नॉर्मंडी मुलाच्या नावावर केली होती, हाती मात्र कधी दिली नाही. निजामानं सत्ता हाती दिली आणि परत मागितली. हे दुसरं जास्त जिव्हारी लागणारं.

या बंडात शाहनवाजखानही पोळला. नासिरजंगाची बाजू घेतल्यामुळे मर्जीतून उतरलेला हा सरदार काही वर्षं औरंगाबादेत घरी बसला. तेवढ्या सवडीत त्यानं मोगल सरदारांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल-उमरा’ लिहायला घेतला. मोगल इतिहासाच्या अभ्यासकाचं आजही त्यावाचून अडतं. बापलेकांच्या भांडणातून एवढं तरी पदरात पडलं!

निजामानं पुढे मुलाला माफ केलं. १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरास तो वारला आणि दख्खनची गादी नासिरजंगालाच मिळाली. ती त्याला जेमतेम अडीच वर्षं लाभली. डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ त्याच्याच फौजेतल्या कडप्प्याच्या पठाण नवाबानं त्याला गोळी घातली.