मुहर्रक : मोत्यांवर उभी राहिलेली वस्ती

अमवाज आयलंड्स ही बहरीनच्या समुद्रात भराव टाकून अलीकडे उभारलेली बेटे आहेत. त्यांच्या नैर्ऋत्येचे मुहर्रक मात्र जुने शहर. एकेकाळी ते बहरीनची राजधानी होते. आखाती मोत्यांची मोठी पेठ मुंबई असल्याने मोत्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या मुहर्रकची भरभराट तिथल्या बाजाराशी जोडलेली होती. बहरीनच्या व्यवहारातही १९६५ पर्यंत रुपयाच चालत असे.

वस्तीची बांधणी हवामान आणि हाताशी असलेले साहित्य पाहून झाली. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळ-दगडाच्या, गिलावा जिप्समचा. छपराचे तिवराचे वासे पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी येत. हे वासे जेमतेम तीन मीटरभर लांब, त्यामुळे श्रीमंताच्या दिवाणखान्याचीही रुंदी तेवढीच राही. ऐपत दिसे ती लांबीत, चौकांच्या संख्येत आणि जिप्समच्या कोरीव जाळीत. बहरीनचे एकेकाळचे राज्यकर्ते शेख ईसा बिन अली यांच्या वाड्यात वारा खाली खोलीत उतरवणारा मनोरा आजही पाहायला मिळतो.

घरांच्या आकारात मोत्यांच्या धंद्यातली उतरंड दिसते. वर सियादी किंवा बिन मतर यांच्यासारखे व्यापारी, मग जहाजाचे नाखवे, तळाशी पाणबुडे आणि त्यांना दोराने वर ओढणारे गडी. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळाला जाई आणि गळ्यातल्या टोपलीत शिंपले भरी. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने हे काम चाले. मोसमाआधी घेतलेली उचल क्वचितच फिटे, आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. वाड्यांच्या देखणेपणाचे वर्णन करताना हा हिशेब वगळणे अन्यायाचे आहे. १९२० च्या दशकात या धंद्यात झालेल्या सुधारणांनी पाणबुड्यांना हिशेबवही मिळाली.

पण त्याच सुमारास जपानचे संवर्धित मोती बाजारात आले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने मागणी आणखी खचली. १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल सापडले आणि माणसे त्या कामाकडे वळली. पुढे भरावामुळे किनारा सरकला. एकेकाळी समुद्रालगत असलेली घरे आत गेली, आणि अनेक जुनी कुटुंबे नव्या वसाहतींत राहायला गेली.

२०१२ मध्ये युनेस्कोने मुहर्रकमधील १७ इमारती, किनाऱ्याचा एक भाग, बू माहिर किल्ला आणि समुद्रातील शिंपल्यांची तीन क्षेत्रे यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. व्यापाऱ्यांच्या वाड्यांबरोबर अल घूस हे पाणबुड्याचे लहानसे घरही त्या यादीत आहे. मुहर्रकच्या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.